आत का भाईर?

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी बजावलंय, रोज चाला आणि काय खाल्लं, किती चाललात ते लिहून ठेवा. खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती, म्हणून आजपासून हा उद्योग. खाल्लं ते असं: दोन भाकरी आणि मेथी. एक पेढाही खाल्ला, पण तो लिहीत नाही.

चाललो मात्र भरपूर. आज ओढ्याकाठच्या वनोद्यानात डिस्क गोल्फचं मैदान सुरू झालं. गावानं दुपारपर्यंत त्याला ‘झाकणांचा खेळ’ असं नाव देऊनही टाकलं. आकारामाची मुलगी शिवांजली इस्लामपूरच्या कॉलेजात खेळ शिकवते. कुठल्याशा शिबिरात तिनं हा खेळ पाहिला आणि ग्रामपंचायतीच्या मागं लागून गावात आणला. झाडाझाडांतून नऊ खांब रोवलेत. प्रत्येक खांबाला वर साखळ्या, खाली जाळीची टोपली. प्लास्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि साखळीला लागून टोपलीत पडली की झालं. कमी फेकींत नऊ टोपल्या करील तो जिंकला. नवशिक्यांसाठी अंतरं जवळ ठेवलीत, झुडपं काढलीत. “म्हाताऱ्यांनाही जमेल,” असं म्हणून शिवांजलीनं नेमकं माझ्याकडं बघितलं.

साखळ्या ज्या गोल कड्यांना टांगल्यात त्या माझ्या आहेत. सायकलचं दुकान बंद केल्यापासून रिमा माळ्यावर गंजत पडल्या होत्या. आमच्या पोरानं, अश्फाकनं वेल्डिंग करून दिलं. तासाच्या भाड्यानं अख्खं गाव ज्या रिमांवर सायकल शिकलं, त्या आता झाडांखाली उभ्या आहेत. बघून बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं.

सरपंचांची पहिली चकती ओढ्यात गेली, टाळ्या मात्र कडकडून झाल्या. मग आकाराम. माझा दोस्त, पलटणीतून सुभेदार होऊन आला, आता ऊस बघतो. शिवांजलीनं पांढरी चकती दिली तर म्हणाला, “ही नगं. ती लाल दे.” म्हातारपणी लाल रंगाचं वेड लागलेला हा पहिलाच माणूस पाहिला. फेकली ती मात्र सरळ साखळीवर. साखळी वाजली तसा मला विचारतो, “आत का भाईर?”

“आत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ही जागा म्हणजे आमच्या लहानपणची खळवाट. मळणी आटोपली की बैलगाडीचं सुटं चाक झाडाला उभं करायचं आणि डालड्याच्या डब्याचं झाकण त्याच्या आऱ्यांमधून पार करायचं. तेव्हाही आकारामच जिंकायचा. आजही दोन फेकींनी जिंकला. पन्नास वर्षं उलटली, हा काही सुधारला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन भाकरी, वांगं. पेढा खरंच नाही.

तिसऱ्या टोपलीत नारळ सापडला. ती टोपली म्हसोबाच्या दगडाशेजारी आहे. देवापुढं नवी टोपली आली म्हणजे नारळ तिच्यातच ठेवायचा, असा कुणा बाईनं अर्थ लावला. शिवांजलीनं कपाळाला हात लावला. आकाराम म्हणाला, “काढू नगंस. नारळावर पडली तरी आत धरायची.” झाला नियम.

एक गोष्ट मला खटकते. प्रत्येक फेकीनंतर तो विचारतो, “आत का भाईर?” समोर दिसत असताना माझ्या तोंडून ऐकायची हौस. सुभेदारांना सलाम ऐकायची सवय असते म्हणा.

पण उतरणीला त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो खालपर्यंत काढलाच नाही. आधी कधी असं केलं नव्हतं. आम्ही इस्लामपूरला पिक्चरला जायचो ते आठवलं. तो पायडल मारायचा, मी मागं कॅरिअरवर. डायनामो असा की फक्त उताराला पेटायचा. चढाला अंधारगुडूप, आणि माझा हात त्याच्या खांद्यावर घट्ट. आता उलटं झालं. वय झालं की माणूस मायाळू होतो म्हणतात ते खरं असावं. घरी येईपर्यंत खांद्याला त्या हाताची ऊब होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायचं मन नाही, तरी लिहितो.

बाजारात फ्लॉवरच्या गाड्यापाशी उभा होतो. आकाराम आला. बरोबर कारखान्याच्या निवडणुकीतली चार पांढरी टोपी घातलेली माणसं. एकानं तर त्याचा दंडच धरला होता, एवढी जवळीक. माझ्या तोंडात पान, म्हणून हाक न मारता हात हलवला. माझ्या अगदी अंगावरून गेला. मी त्याच्या उजव्या हाताला आणि हा नाकासमोर बघत सरळ चालता झाला. शर्टाला शर्ट घासायचा तेवढा बाकी होता.

त्या माणसांसमोर मुलाण्याला ओळख द्यायची लाज वाटली असेल. असं लिहू नये, पण मनात आलं ते आलं. हल्ली मोबाइलवर काय काय फिरतं. परवा चावडीपाशी दोन पोरं मला बघून बोलायची थांबली. आकारामाच्या तोंडून असला शब्द आजवर कधी निघालेला नाही. पण वारं लागायला कितीसा वेळ लागतो?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस खेळायला गेलो नाही. आज तोच आला. “चांद्या, आरं मेलास का काय?” दारातूनच ओरडला. ऐकून बरं वाटलं. पण उंबऱ्यापाशी असा घुटमळला, जणू या घरात पाऊल टाकावं की नको. पायानं अंदाज घेतल्यासारखं केलं आणि मग आला. हाच माणूस पूर्वी चपला भिरकावत थेट चुलीपाशी जायचा.

जन्नतबीनं चहा ठेवला. त्यानं हात पुढं केला, धक्का लागून कप लवंडला, चहा सतरंजीभर. तोंड लालबुंद झालं. “ऱ्हाऊ द्या वैनी, आता नगं,” म्हणून उठलाच. तिनं दुसरा टाकला होता, त्याला थांबला नाही.

माझ्या निकाहाच्या पंगतीत यानं कमरेला टॉवेल बांधून वाढलं होतं. बशीत ओतून फुर्रफुर्र करत आमच्याकडं दोन-दोन कप प्यायचा. आता आमच्या घरचा चहाही चालेना.

जन्नतबीला हे बोललो तर माझ्यावरच उखडली. आम्ही घरात मुसलमानी बोलतो, ती म्हणाली ते मराठीत असं: “आवं, चहा सांडला म्हणून लाजलं ते. तुमाला सगळ्यातच वाकडं दिसाया लागलंय.” बायकांना भोळेपणाची खोड असते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शुगर वाढली. डॉक्टर ओरडले. म्हणून पुन्हा वनोद्यान.

सकाळची शांतता फार चांगली असते तिथं. ओढ्याचं पाणी, करंजाखाली पडलेली ऊन-सावली, लांब उसाच्या फडात कोयत्यांचे आवाज. शिवांजलीनं सगळ्या रिमा भडक पिवळ्या रंगवल्यात. नवशिक्यांना दिसायला हव्यात म्हणे. मला बाजूला घेऊन सांगते, “चाचा, आबांना एकटं सोडू नका हां. ओढ्याच्या अंगाला तुम्ही राहत जा.” मी काय त्याचा रखवालदार? की मी नसताना हा फेकी चोरतो म्हणून मुलीलाच भरवसा नाही?

चकती त्याच्या पायाशी पडली होती आणि हा लांब गवतात शोधत होता. “चांद्या, बघ की कुटं गेली.” मी वाकून उचलून दिली. साठी उलटून पाच वर्षं झाली तरी हुकूम सोडायची हौस फिटलेली नाही.

आज मी जिंकलो. जन्मात पहिल्यांदा. पण गोड लागलं नाही, कारण चौथ्या टोपलीला त्यानं चकती भलत्याच झाडावर नेऊन आपटली. मला वाटतं मुद्दाम. मला जिंकू द्यायचं म्हणून सोडलं असेल तर तो अपमानच की. परक्या पाहुण्याला जिंकू देतात, दोस्ताला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

व्हायचं ते झालं.

आमच्या पिराचा उरूस चौदा तारखेला आहे. पहिला गलेफ आकारामाच्या घरचा. त्याच्या आजापासूनचा मान. गलेफ म्हणजे पिराच्या मजारीवर चढवायची चादर. घरच्या माणसानं अनवाणी, डोक्यावर घेऊन दिवेलागणीला निघायचं, आणि मुलाण्यानं लोभानाची धुपाटणी धरून पुढं चालायचं. पलटणीत असताना रजा मिळो न मिळो, उरसाला आकाराम हजर व्हायचा. एका वर्षी तर वर्दीतच स्टँडवरून धावत आला आणि बूट माझ्या दुकानात काढले. गर्दीत पुढं मी, मागं तो, लोभानाचा धूर त्याच्या तोंडावर. दोघांच्या बापांनीही हेच केलं.

आज नवव्या टोपलीपाशी बसल्यावर सहज बोलल्यासारखं म्हणाला, “औंदा गलेफ ऋषिराज न्हील.” ऋषिराज त्याचा मुलगा.

“आन् तू?”

“माझं पाय दुखत्यात.”

रोज नऊ टोपल्या फिरणाऱ्याचे पाय दुखतात! मला राहवलं नाही. “पाय दुखत्यात का मन दुखतंय रं? सरळ सांग की, आमचा पीर आता नगंसा झाला.”

तो नुसता माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसला. मी चकती तिथंच टाकून निघून आलो. मागून “चांद्या” म्हणून हाक आली. वळलो नाही.

६ डिसेंबर, शनिवार

गेलो नाही. भाकरी गेली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज कोयनेच्या भूकंपाचा दिवस. आम्ही तेव्हा सात वर्षांचे. तिकडं कोयनानगरला घरं पडली, माणसं गेली. इकडं आमच्या भांड्यांची उतरंड कोसळली आणि गाव झोपेतून उठून खळवाटीत आलं. पुढं कितीतरी दिवस कुणी घरात झोपेना. थंडी मरणाची. आमच्या घरात वाकळा कमी, म्हणून आकारामाच्या आईनं मला तिच्या पोरांत ओढून घेतलं आणि दोघांवर एकच वाकळ टाकली. जमीन हलली की आकाराम माझा कान धरायचा. का धरायचा कुणास ठाऊक. म्हणायचा, “म्हंजी तू हायस का न्हाई ते कळतंय.”

त्या वाकळेत कुणी कुणाचं नाव-गाव विचारलं नाही. आता माझ्याच दोस्तावर माझा संशय. तो खरा असला तर मला गावात राहण्यात रस नाही. खोटा असला तर माझ्याइतका हलका माणूस नाही. दोन्हीकडून मीच मेलो.

१४ डिसेंबर, रविवार, उरूस

सगळं नीट लिहायचंय, आणि डोळे सारखे भरून येतात.

सकाळी जन्नतबीनं मलिद्याचा डबा हातात दिला. “भांडण तुमचं, मलिदा पिराचा. आकारामभावजींच्या घरी देऊन या.” गेलो. सून म्हणाली, मामंजी वनोद्यानात गेलेत. डबा तिच्याकडं देऊन परत फिरायचं होतं, पण पाय तिकडंच वळले.

लांबून साखळीचा आवाज आला. शिवांजली पहिल्या टोपलीपाशी उभी राहून हातानं साखळ्या खुळखुळवत होती. आकाराम समोर, मान किंचित कलती करून. ती बाजूला झाली आणि त्यानं चकती फेकली. साखळीला लागून खाली पडली. “भाईर, आबा. जरा डावीकडं.” पुन्हा खुळखुळाट, पुन्हा फेक. मी चिंचेखाली उभा होतो, अगदी उघड्यावर. तो माझ्याकडं तोंड करून चकती चाचपत होता आणि त्याला मी दिसत नव्हतो.

शिवांजलीनं मला बघितलं. ओठांवर बोट ठेवून जवळ आली. म्हणाली, “चाचा, काचबिंदू आहे. मिरजेला दाखवलं. फार उशीर झाला होता. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते टिकवायचं. आजूबाजूचं काहीच दिसत नाही त्यांना. नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं, तेही भडक असेल तर. दिवस मावळला की तेवढंही नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला.”

बाजार. उंबरा. चहाचा कप. पायाशी पडलेली चकती. खांद्यावरचा हात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी.

“कोन हाय गं?” आकाराम ओरडला.

“मी,” मी म्हटलं.

मी त्याच्याजवळ गेलो. मग मीच विचारलं, “मला का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं आसतं तर तू हराया लागला आसतास. मुद्दाम. मी वळखत न्हाई व्हय तुला? घरात सगळी माझ्यासंगं हळू बोलाया लागल्यात. पोरगी, पोरगा, सून. ताटात काय वाढलंय ते बी सांगत्यात. तू एकटा शिव्या देतूस. तू बी ग्वाड बोलाया लागलास तर मग ऱ्हायलं काय?”

मी तिथंच गवतात बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बाजारातलं, चहाचं, माझ्या मनात काय काय आलं ते. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, उठून जाईल.

“आमचा पीर म्हनालास त्या दिशी,” तो म्हणाला. “तवा लागलं मला. पीर तुझा एकट्याचा कवापास्नं झाला रं?” मग चकती खाली ठेवून, “डोळं माझं गेलं आन् आंधळा तू झालास.”

“मग गलेफ का सोडलास?” मी विचारलं.

“दिवेलागणीचं काय दिसंना मला. गर्दीत पडलो, गलेफ मातीत पडला, तर? आज्यापास्नंचा मान हाय. त्यो माझ्या हातनं खाली पडाया नगं.”

संध्याकाळी धुपाटणी पेटवली आणि दर्ग्यात न थांबता थेट त्याच्या घरी गेलो. ऋषिराज आंघोळ करून तयार होता. मी म्हटलं, “आकारामा, पायातलं काढ. मी म्होरं हाय. माझ्या आवाजावर यायचं.” तो नाही नाही म्हणाला. मी शिव्या दिल्या, उरसाच्या दिवशी देऊ नयेत तसल्या. मग उठला. ऋषिराजनं गलेफ त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो स्वतः दोन पावलं मागं राहिला.

धुपाटणी धरणाऱ्यानं मुकाट चालायचं असतं. मी आज अख्खी वाट बोलत गेलो. “हितं गटार हाय, लांब टांग टाक. आता चढ. बनुबाईची म्हस मधीच बसलीया, उजवीकडनं ये.” लोक बघत होते. मुलाण्याला वेड लागलं, असं कुणीतरी म्हणाल्याचंही ऐकलं. ढोलताशात माझा आवाज दबायला लागला तेव्हा मी मोठ्यानं ओरडायला लागलो. मागून आकाराम म्हणाला, “लय बडबडतूस गड्या. लोभानाचा वास येतोय की मला.”

गलेफ चढला. त्यानं हात लांब करून मजारीचा दगड शोधला, डोकं टेकलं. मी बाजूला उभा होतो. पिराला काय मागावं ते सुचेना. दृष्टी मागावी तर डॉक्टर नाही म्हणालेत, आणि पिराला अडचणीत टाकणं बरं नव्हे. काहीच मागितलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

दीड भाकरी, उरसातलं मटण, मलिदा. जे खाल्लं ते सगळं लिहिलंय.

सकाळी आम्ही दोघंच खेळलो. पहिल्याच टोपलीला त्यानं अट घातली. “दया दाखवलीस तर त्या दिवसापास्नं तुझा-माझा खेळ बंद.” मी पिराची आण घेतली. खरं तर मला हरायचं होतं. रात्रभर तेच ठरवत होतो, कुठं हरायचं आणि कसं हरायचं ते. त्यानं ते आधीच ओळखून ठेवलेलं.

त्याची पाळी आली की मी पुढं जाऊन साखळ्या खुळखुळवायचो आणि बाजूला व्हायचो. माझ्या पाळीला तो झाडाला टेकून ऐकायचा. माझी चकती साखळीला नुसती घासून गेली तरी त्याला कळत होतं. म्हणायचा, “भाईर. सायकलवाल्या, जन्मात नेम धरला न्हाईस.” आठव्या टोपलीपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. नवव्या टोपलीला त्याची चकती खांबाला लागून लांब गेली. माझी टोपलीपासून हातभर अंतरावर पडली होती. ती आत टाकली की मी जिंकणार होतो. लहान पोरालाही चुकली नसती.

मी टाकली. साखळी वाजली. आत गेली.

“जिंकलास,” तो म्हणाला आणि आईवरून शिवी हासडली. एवढ्या मोकळ्या गळ्यानं त्यानं मला कितीतरी वर्षांत शिवी दिली नव्हती. मी पाठ फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले. त्याला काही दिसणार नव्हतं.

“नाक कशाला वडतूस रं?”

“थंडी हाय,” मी म्हटलं.

“मग पळ, माझी चकती हुडकून आन. पुन्यांदा खेळायचं.”